उघडा नळ

पुण्याहून आलेले अमोलिक पाळक
परवा, आगमनाच्या दुसऱ्या रविवारी, उपदेशात म्हणाले,
देव विणतो ते कापड आपल्याला खालून दिसतं.
गाठी, लोंबते धागे, नुसता गुंता.
सुलट बाजू त्याच्याकडे आहे.
वर गेल्यावर कळेल.

मंडळीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.
मी तिसऱ्या बाकावर गप्प.
एकतीस वर्षं जॅकार्डवर काढलीत, पाळकसाहेब,
अक्कलकोट रोडला, वडनालांच्या शेडमध्ये.
सोलापुरी चादरीला उलट बाजूच नसते.
इकडं मोर तांबडा, जमीन पांढरी;
तिकडं मोर पांढरा, जमीन तांबडी.
अंथरणारा जशी अंथरेल तशी सुलट.

उपासनेनंतर चहाच्या वेळी सांगणार होतो.
पण त्यांना गाडी गाठायची होती.

म्हणून घरी येताना, सायकल हातात धरून,
वरच्यालाच सांगितलं.
म्हटलं, बापा,
आमची तबिथा गेली त्या मार्चमध्ये
मला कुणी म्हणालं असतं की वरून बघ, नक्षी छान दिसते,
तर मी धोटा फेकून मारला असता.
तू तरी तेव्हा वर कुठं होतास?
सिव्हिलच्या वॉर्डात, शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या
कोण कुठल्या बिडीवाल्या बाईनं
तेलुगूत काहीतरी पुटपुटत
स्वतःची अर्धी भाकर, शेंगाचटणी लावून,
माझ्या हातात कोंबली.
मी खाल्ली. अशा वेळी भूक लागली
म्हणून लाजत लाजत खाल्ली.
माझ्याकडं जो धागा बुडाला
तो त्या बाजूला वर आला असेल.
असेल, म्हणतो. शपथ घ्यायला सांगू नकोस.

भरवशाचं म्हणाल, तर मी नळ दाखवेन.
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं.
पाचव्या म्हणजे सहाव्या, कधी सातव्या,
रात्री दोनला, पहाटे चारला.
तबिथा कधी जागली नाही.
तोटी पूर्ण सोडायची,
खाली पितळेची घागर सरकवायची
आणि म्हणायची, चला, झोपा आता.
मी मात्र अंथरुणात कान टवकारून.
आधी नुसती हवा यायची,
म्हातारा घसा खाकरतो तशी,
मग घागरीच्या तळाला टण्णकन पहिली धार.
ती उठायची ताजीतवानी.
मी तांबारलेल्या डोळ्यांनी.
पाणी दोघांनाही तेवढंच मिळायचं.

आता गुडघे टेकवत नाहीत.
रोज रात्री तोटी सोडतो, तेवढंच.
पाण्याचा वार नसला तरी सोडतो.
शेजारचा नागनाथ हसतो,
काका, कालच तर येऊन गेलं की पाणी!
असू दे म्हणतो. हाताला विसर पडू नये.

खोटं कशाला बोलू, काल दोनदा उठलो.
फंडाचे पैसे किती उरले ते मनात मोजलं,
लेकीचा फोन का आला नाही ते मोजलं,
घागरीत बोट घालून पाहिलं. कोरडी.
एकतीस वर्षांत मी कारागीर झालो,
भरवसा नाही झाला.
तो रोज सकाळी नवा पोऱ्या म्हणून दारात येतो,
म्हणतो, तुटलेला धागा कसा जोडायचा, दाखवा.
परत पहिल्यापासून दाखवावं लागतं.

मग येऊन पडलो.
गारठा होता. पायाशी तिची मोराची चादर.
ओढून घेतली.
अंधारात कुठली बाजू वर आली
बघितलं नाही.